स्टॉपरची बायको

नवरा काय करतो, असं कुणी विचारलं की तसनीम सरळ सांगायची, "उभे राहतात."

विचारणारी बाई गोंधळायची. उभे राहतात म्हणजे? निवडणुकीला?

"कसली डोंबलाची निवडणूक! मैदानात उभे राहतात. बाकीचे पळतात, धडपडतात, गोल मारतात, आणि आमचे हे मागे उभे. त्याला स्टॉपर म्हणतात म्हणे. आणि एवढ्यासाठी मुंबईला जावं लागतं, गोव्याला जावं लागतं. महाडात उभं राहायला जागा नाही ना!" एवढं बोलून ती पुन्हा भाजी निवडायला लागायची. समोरच्या बाईची पुढे काही विचारायची छाती होत नसे.

बिरवाडीत कारखान्यांच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर जानकीबाईंनी खोल्यांची एक रांग बांधून भाड्याने दिली होती. भाडेकरू बहुतेक कारखान्यातले. त्यांच्यातच एका खोलीत तसनीम, तिची चार वर्षांची मुलगी आणि तिचा हा उभा राहणारा नवरा, मुदस्सर. रांगेतले सगळे तसनीमच्या जिभेला वचकून होते. गॅसवाला वचकून, पाणी सोडणारा वचकून, भाडं मागायला येणाऱ्या खुद्द जानकीबाई वचकून. नवऱ्याची तर ती अशी सालटी काढायची की ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई उद्या सकाळच्या एसटीने माहेरी निघाली.

निघणार कुठली! तिला नवरा हवा होता. घरात हवा होता, डोळ्यांसमोर, भांडायला हाताशी. जगात तिला दुसरं काही मागायचंच नव्हतं. पण हे बोलून दाखवायचं म्हणजे फारच झालं, म्हणून ती शिव्या द्यायची.

तिच्या हवेपणाला कारण होतं. महाड-पोलादपूरच्या मोहल्ल्यांत मुलगा चांगला की वाईट हे ठरवायची एकच कसोटी. व्हिसा आहे का? व्हिसा असला की टक्कल दिसत नाही, वय दिसत नाही, अकलेचा पत्ता नसला तरी कुणी शोधायला जात नाही. तसनीमचा बाप असाच व्हिसावाला होता. तीस वर्षं जेद्दाला. दोन वर्षांतून एकदा पोलादपूरला यायचा, टँगची भुकटी आणि माणूस गुदमरेल एवढी जाड ब्लँकेटं घेऊन, आणि दीडेक महिना झाला की परत. लहानपणी एकदा तिने भर बैठकीत आईला विचारलं होतं, "हे मामू कधी जाणार?" बैठक हसून लोळली. आई, आलिमा, उठून चुलीकडे गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. शेवटी बाप कायमचा परत आला तो साखरेचा आजार घेऊन. नवरा-बायको एका खोलीत बसली की दोघांनाही काय बोलावं ते सुचायचं नाही. वर्षभरात तो गेला आणि आलिमाला रडायला माणसं बोलवावी लागली.

म्हणून लग्नाचं निघालं तेव्हा तसनीमने साफ सांगितलं, आखातातला नवरा नको. भंगारवाला चालेल. मावश्या-फुफ्यांनी कपाळावर हात मारले. आलिमा एकटी काही बोलली नाही, आणि तिच्या घरात न बोलणं म्हणजे होकार. शहाण्णव साली महाडहून स्थळ आलं. मध्यस्थाने सांगितलं, मुलगा मुंबईत कंपनीत आहे. कंपनीत काय करतो हे त्याने चहाबरोबर गिळून टाकलं.

मुदस्सरचं घर खरं तर पक्कं आखाती. बाप जलील कुवेतमध्ये एका व्यापाऱ्याचा ड्रायव्हर. इतरांसारखं बायकोला गावी ठेवलं नाही, पोराबाळांसकट तिकडे नेलं, ही त्याची मोठी मिजास. मुदस्सर तिथल्या गल्लीत पॅलेस्टिनी आणि मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, पोरांबरोबर फुटबॉल शिकला. नव्वद साली इराकचं सैन्य घुसलं आणि जलीलची मिजास उतरली. वाळवंटातून जॉर्डन, तिथून विमानाने मुंबई, तिथून एसटीने महाड. सोळा वर्षांचा मुदस्सर इथे आला तेव्हा त्याला धड मराठी येत नव्हतं, आणि क्रिकेट तर बिलकूल नाही. महाडात मराठीवाचून चालतं, क्रिकेटवाचून नाही. मोहल्ल्यातल्या पोरांनी त्याला बाउंड्रीवर नेऊन उभा केला. उभं राहायची खोड तिथेच लागली असणार, असं तसनीमचं मत.

पुढे कुणीतरी त्याला मुंबईला एका बंदराच्या टीमकडे नेलं, आणि सुरू झालं हे भटकणं. साहेबांना फुटबॉलचा शौक म्हणून टीम. साहेब रिटायर झाले, टीम बंद. मग एका बँकेची टीम. तिथे नवा कोच आला तो आपल्या गाववाल्या पोरांची वरात घेऊन. मग गोव्यात दुसऱ्या दर्जाचा एक क्लब, मालक खाणवाला, त्याचा धंदा बसला आणि क्लबही बसला. मग पुणे, मग कोल्हापूर, मग पुन्हा मुंबई, मग एक बिस्किटवाली कंपनी. जो तो त्याला सांगायचा, या मोसमानंतर कायम करतो. केलं कुणी नाही. कायम झाले ते फॉरवर्ड. त्यांचे फोटो यायचे, त्यांना साहेब लोक पोटाशी धरायचे. मुदस्सरला निरोपाच्या वेळी हात मिळवून सांगायचे, "तू फार शिस्तीचा खेळाडू आहेस." शिस्त कुठल्या दुकानात खपते ते मात्र कुणी सांगितलं नाही.

आणि ह्या माणसाला राग म्हणून यायचा नाही. टीम बंद झाली की पिशवी भरून घरी, दुसरीकडून बोलावणं आलं की पिशवी भरून बाहेर. वर्तमानपत्रात त्याचं नाव उभ्या आयुष्यात एकदाच छापून आलं, तेही सेल्फ गोल झाला म्हणून. आपल्याच गोलात बॉल! एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात जलीलला लोकांनी पेपर वाचून दाखवला. "जलीलभाई, मुबारक! पोराने गोल मारला." जलीलने त्यानंतर तिथला चहा सोडला आणि मुलाशी बोलणंही जवळपास सोडलं. तसनीमने तो पेपर मिरच्या वाळवायला वापरला. मुदस्सर म्हणाला, "पायाला लागून गेला तो." बस, एवढंच. असा ढिम्म.

दोन हजार तीन सालापासून मात्र बोलावणी आटली. गुडघा कुरकुरायला लागला. मुदस्सर बापाचा टेंपो चालवायला लागला, बिरवाडीहून महाड, महाडहून पोलादपूर, आणि संध्याकाळी घरी. रोज घरी! तसनीमने शिव्या दुप्पट केल्या आणि भाकऱ्याही. "आता टेंपोत तरी बसता ना, की तिथेही उभेच?" असं विचारायची आणि गरम भाकरी ताटात टाकायची. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि तिला पहिल्यांदा लग्न झाल्यासारखं वाटत होतं.

अशात दोन हजार चारच्या मे महिन्यात गनीमामू कतारहून रजेवर आला.

गनीमामू म्हणजे आलिमाचा मावसभाऊ. कतारात कुठल्याशा बांधकाम कंपनीच्या गोदामांचा मोठा साहेब. तिथे काय करायचा अल्ला जाणे, इथे मात्र त्याचा थाट सुभेदाराचा. मे महिन्यात असा एखादा व्हिसा देऊ शकणारा माणूस रजेवर आला की मोहल्ल्यात दावतींची रांग लागते. ज्याच्या घरी बेकार पोरगा, त्याच्या घरी दावत. पाहुण्याच्या ताटात सांदणं आणि मटण वाढायचं, आणि वाढायला पोरालाच पुढे करायचं. पाहुणा जेवता जेवता पोराला वरपासून खालपर्यंत बघतो. गनीमामू रजेत इतका जेवायचा की परत जाताना विमान उडतं कसं, असा तसनीमला प्रश्न पडे.

त्या वर्षी त्याला नुसता माणूस नको होता. दर शुक्रवारी तिकडे कंपन्यांच्या टीमा फुटबॉल खेळत. गनीमामूच्या टीमला मल्याळी लोकांची टीम दर वेळी धुऊन काढी, आणि त्याच्या मोठ्या साहेबाने त्याला तोंडावर बोल लावला होता. नाव गोदामातल्या कारकुनाचं, काम शुक्रवारी बॅक खेळायचं, असा एक व्हिसा घेऊन तो आला होता. दोन पोरं नजरेत होती. एक मुदस्सर. दुसरा मोहल्ल्यातलाच साकिब, चोवीस वर्षांचा रेडा, ज्याच्या लाथेची महाडात ख्याती होती. रविवारी मोहल्ल्याची टीम आणि बिरवाडीच्या कारखान्यातली पोरं यांचा सामना ठेवला, दोघंही मोहल्ल्याकडून. तो बघून मामू एकाला नेणार.

मुदस्सर घरी हे सांगायला आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. तीस वर्षांच्या, गुडघा गेलेल्या माणसाला कुणीतरी पुन्हा फुटबॉलसाठी मागत होतं. जाऊ नका, असं तसनीमला म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "जा की! वाळवंटात उभं राहायला जागाच जागा." तो हसला. तिच्या असल्या बोलण्याला तो नेहमीच हसायचा.

मग तिने ठरवलं, की हा माणूस मैदानात नापास झाला पाहिजे. रविवारी सकाळपासून तिने स्वयंपाकाला हात घातला. मटण, तांदळाच्या पिठाचे वडे, वर तुपात थबथबलेला शिरा. मे महिन्याचं ऊन, दुपारी सामना, आणि ही बाई वाढतेय. "अजून घ्या. ताकद नको का?" लग्नापासून बायकोने कधी आग्रह करून वाढलं नव्हतं. मुदस्सर भारावून गेला आणि खात गेला. तिला त्याची दयाही आली आणि संतापही. कसला खेळाडू हा, पोट कुठे थांबवायचं ते कळत नाही आणि म्हणे स्टॉपर!

सामना नदीकाठच्या मैदानावर होता. तसनीमने नवऱ्याचा एकही सामना आजवर पाहिलेला नव्हता. काय बघायचं उभ्या माणसात? आज ती आली होती त्याला पडताना बघायला. मैदानाला लागून एका घराच्या गच्चीवर बायका बसल्या होत्या. बिरवाडीच्या पोरांना बघायला जानकीबाईही आल्या होत्या, कारण त्यांच्यातले निम्मे त्यांचे भाडेकरू. त्या टीमचा हुकमी एक्का होता सोमा. बंगालमधून कारखान्यात आलेला, सडसडीत, वाऱ्यासारखा पळणारा पोरगा. त्या उन्हाळ्यात सोमाने गोल मारला नाही असा एकही सामना झाला नव्हता.

माइकवर क्रिकेटच्या स्पर्धांत बोलणारा गृहस्थ होता. महाडात माइकवर दुसरं बोलतो कोण! सामना सुरू झाला आणि साकिबने आपल्या भागात आलेला पहिलाच बॉल असा लाथाडला की तो मैदान ओलांडून नदीच्या पात्रात. "आणि साकिबचा उत्तुंग फटका! चेंडू सीमेपार!" माइक किंचाळला. पब्लिकने शिट्ट्या मारल्या. मांडवात गनीमामू थंडा पीत खुर्चीत पुढे सरकला. पुन्हा बॉल आला, पुन्हा आभाळात. पुन्हा शिट्ट्या. ह्या लोकांना षटकार दिसला की पुरे, खेळ कुठला का असेना. बॉल आणायला पोरं नदीत उतरत होती, तोवर सामना थांबत होता, आणि थांबलेल्या सामन्यालासुद्धा लोक टाळ्या वाजवत होते.

"गो तसनीम," जानकीबाई म्हणाल्या, "तुजा नवरा काय करतो हाय गो? मगासधरनं उबाच हाय. पलत पन नाय."

"पोट जड आहे," तसनीम म्हणाली. मनात म्हणाली, झालं माझं काम.

सगळं मैदान बॉलकडे बघत होतं. तसनीमला बॉलशी काय देणंघेणं? ती नवऱ्याकडे बघत होती, एकटी त्याच्याकडेच, कधी पडतो म्हणून. आणि बघता बघता तिला काहीतरी विचित्र दिसायला लागलं. हा माणूस पळत नव्हता, पण सरकत होता. दोन पावलं इकडे, एक पाऊल मागे. सोमा डावीकडे निघाला की मुदस्सर आधीच डावीकडे. सोमा थबकला की हाही थबकलेला. सोमाच्या टीमचा कुणी बॉल घेऊन मान वर करायचा, सोमाला शोधायचा, आणि सोमाच्या पुढ्यात मुदस्सर दिसला की बॉल दुसरीकडे द्यायचा. एकदा कसाबसा सोमाला बॉल मिळाला. मुदस्सरने पाय घातला नाही, धक्का दिला नाही. नुसता असा तिरका उभा राहिला की सोमाला कोपऱ्याकडेच जावं लागलं, आणि कोपऱ्यात जाऊन सोमाने बॉल स्वतःच बाहेर घालवला. टाळी नाही, शिट्टी नाही. माइकवाला त्या वेळी गनीशेठचे आभार मानत होता.

मध्यंतरानंतर तर सोमाला पास देणंच त्यांनी सोडून दिलं. वाऱ्यासारखा पळणारा पोरगा कमरेवर हात ठेवून उभा होता आणि स्वतःच्याच लोकांना शिव्या देत होता. बिरवाडीवाले सगळे साकिबच्या बाजूने घुसायला लागले. साकिबने एक बॉल आभाळात मारायला पाय उचलला, तो चुकला, आणि तिकडून गोल झाला. मोहल्ल्याने कसेबसे दोन मारून सामना जिंकला. पब्लिकने साकिबला खांद्यावर घेतलं. मुदस्सर रुमालाने मान पुसत एकटाच पाण्याच्या पिंपाकडे गेला.

"तुजा नवरा उबाच राह्यला गो शेवटपावत," जानकीबाई म्हणाल्या.

"डोळे तपासून घ्या," तसनीम फाडकन म्हणाली, आणि आपण असं का बोललो ते तिचं तिलाच कळेना.

त्या संध्याकाळची दावत जलीलच्या घरी होती. बाहेरच्या खोलीत गनीमामू, जलील, साकिब, मुदस्सर. पडद्याआड स्वयंपाकघरात तसनीम आणि तिची सासू. जेवण उरकत आलं तसा मामूने ढेकर दिला आणि निकाल सांगितला.

"जलीलभाई, साकिबला नेतो. काय जोर आहे पोरात! बॉल पार नदीत. तुझा मुदस्सर भला माणूस आहे, पण तो आता संपला. हललाच नाही रे."

पडद्याआड तसनीमने डोळे मिटले आणि अल्लाचा शुक्र केला. झालं. फिटलं. नवरा घरात राहिला. उद्या टेंपो, परवा टेंपो, आणि संध्याकाळी भाकरी. शहाणी बाई असती तर खिरीचं पातेलं सासूच्या हातात देऊन गप्प बसली असती.

पण मामूला विनोद सुचला. "अरे, सामना चालू असताना मी दोनदा विचारलं, आमचा मुदस्सर कुठे गेला? घरी जाऊन झोपला की काय?"

साकिब खो खो हसला. जलील तर सगळ्यांत मोठ्याने हसला, शेठ खूश राहावा म्हणून स्वतःच्या पोरावर हसला. आणि मुदस्सर? तोही हसला. मान खाली घालून, ताटातल्या हाडाकडे बघत.

तसनीमच्या अंगाची लाहीलाही झाली. मुदस्सरला नावं ठेवायची तर ती तिने ठेवायची. त्याच्यापायी आठ वर्षं वाट बघितली ती तिने. ह्या टँगवाल्याने काय केलं होतं? सासूने हात धरला तो झटकून ती खिरीचं पातेलं घेऊन सरळ बाहेर आली.

"मामू, एक विचारू?"

"विचार की, बेटी."

"तो सोमा कसा वाटला?"

"तो बंगाली? अगं, लई ऐकलं होतं त्याच्याबद्दल. काही दम नाही. दिसलाच नाही."

"दिसला नाही, कारण ह्यांनी दिसू दिला नाही. तुमचं लक्ष आभाळात, तुम्हाला कसं कळणार? तो जिकडे सरकेल तिकडे हे त्याच्या आधी हजर. शेवटी त्याच्याच लोकांनी त्याला बॉल द्यायचा सोडला. आणि गोल कुठून झाला? ह्या साकिबमियाँच्या बाजूने! म्हणे बॉल नदीत घालवला. नदीत तर म्हशीपण जातात, त्यांना न्या कतारला."

"तसनीम!" जलील ओरडला.

"थांबा अब्बा. मामू, तुमच्या गोदामात वर्षभर चोरी झाली नाही, तर वॉचमनला काय सांगता? तू हललाच नाहीस, चल नीघ? की आधी चोर आत घ्यायचे आणि मग बोंबलत त्यांच्यामागे पळायचं, असला वॉचमन पाहिजे तुम्हाला? पाहिजे तर खुशाल न्या साकिबला. मल्याळी तुम्हाला धुतात ते उगीच नाही!"

साकिबचा घास तोंडातच राहिला. गनीमामूचं तोंड आधी लाल झालं. पण गोदामाचं म्हटल्यावर तो विचारात पडला, कारण फुटबॉल त्याला कळत नव्हता, गोदाम कळत होतं. त्याने मुदस्सरकडे आता पहिल्यांदा नीट बघितलं.

"खरं सांग. त्या बंगाल्याला तू मुद्दाम कोपऱ्याकडे नेत होतास?"

"हो," मुदस्सर म्हणाला.

"मग पळाला का नाहीस?"

"गरज पडली नाही." मग तो प्रामाणिकपणे म्हणाला, "आणि सकाळी जेवण जरा जास्त झालं होतं."

मामू असा हसला की त्याचं पोट ताटाला लागलं. "जलील, ही सून आहे की वकील? साकिब, तुझं पुढच्या वर्षी बघू. मुदस्सर, उद्या पासपोर्ट घेऊन ये."

तसनीम खिरीचं पातेलं धरून तशीच उभी होती. आपण काय केलं ते तिला आत्ता कळलं. कुठे गेली होती माझी अक्कल, असं तिला ओरडावंसं वाटलं. मोहल्ल्यातल्या बायका नवऱ्याला व्हिसा मिळावा म्हणून दर्ग्यावर चादरी चढवतात, आणि हिने नको असलेला व्हिसा भांडून मिळवला होता. सासूने पातेलं तिच्या हातातून काढून घेतलं आणि तिच्या गालावरून बोटं मोडली.

टेंपोतून बिरवाडीला परत जाताना मुलगी मांडीवर झोपली होती आणि मुदस्सर बोलत होता. हा माणूस, ज्याच्याकडून दोन वाक्यं काढायची तर भांडावं लागायचं, तो आज थांबतच नव्हता. पुढच्याचे पाय बघायचे नाहीत, कंबर बघायची, सांगत होता. कुवेतच्या गल्लीत एका म्हाताऱ्या मिसरी शिंप्याने हे शिकवलं, सांगत होता. "चौदा वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही," तो म्हणाला. "ना कोचच्या, ना साहेबांच्या. तुला एका सामन्यात कळलं. मला वाटायचं, तुला माझ्या खेळाची लाज वाटते."

"जाऊ नका," तसनीम म्हणाली.

तो हसला. "तुझं आपलं काहीतरीच! तूच तर मिळवून दिलास."

"खरंच सांगते. नका जाऊ."

"बरं बरं, नाही जात," तो म्हणाला आणि आणखी मोठ्याने हसला. एवढी वर्षं तिने सरळ काही सांगितलंच नव्हतं, तर त्याला तरी कसं कळावं? तिला रडू फुटलं. ते त्याला आनंदाचं वाटलं. गाडी चालवता चालवता त्याने एक हात तिच्या डोक्यावर ठेवला.

महिन्याच्या आत तो गेला. मोहल्ल्यात तसनीमचं नाव झालं. बायको असावी तर अशी, नवऱ्याला तोंडाच्या जोरावर कतारला पोचवलं! ज्या मावश्या-फुफ्यांनी कपाळावर हात मारले होते त्यांनी पेढे मागितले. साकिबची आईसुद्धा येऊन गेली, मामूकडे आमच्यासाठीही शब्द टाक म्हणाली. तसनीमने तिला चहा दिला. एक शब्द वाकडा बोलली नाही, आणि साकिबची आई बाहेर जाऊन सांगत सुटली की व्हिसा मिळाल्यापासून पोरगी किती शहाण्यासारखी वागते बघा.

मुदस्सरला मुंबईला पोचवून जलीलचा टेंपो परतला त्या दिवशी पोलादपूरहून आलिमा आली. पिशवी कोपऱ्यात ठेवून नातीला जवळ घेऊन बसली. विचारपूस केली नाही, समजूत काढली नाही. तसनीम चुलीपाशी भात टाकत होती. रोजच्या मापाने तिने तांदूळ पातेल्यात घेतले आणि धुवायला उठली.

आलिमाने तिच्या हातातून पातेलं घेतलं, त्यातले दोन मुठी तांदूळ काढले आणि परत डब्यात टाकले.

"एवढे नको आता," ती म्हणाली. "मलाही सुरुवातीला अंदाज यायचा नाही."